घडीची खुर्ची घेताना: आधी सांधा बघा, मग कापड

नोव्हेंबर संपत आला की नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरायला लागतात, आणि माझ्या फोनवर ठरलेला प्रश्न येतो: "ताई, घडीची खुर्ची कोणती घेऊ?" पक्षी बघायचे तर तास-दोन तास एका जागी शांत बसावं लागतं आणि बांधावर बसायला काही नसतं, त्यामुळे प्रश्न रास्तच आहे. मी उलट विचारते: बसणार कोण, आणि ती उचलून कोण किती लांब नेणार?

नेरुळला येण्याआधी मी ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका युनिटमध्ये सहा वर्षं तपासणीच्या टेबलावर होते. पाइप वाकवून फर्निचर करायचं काम तिथे चालायचं. रोज शे-दीडशे घडीच्या खुर्च्या उघडायच्या, मिटायच्या, हलवून बघायच्या. तिथे जे शिकले तेच नवख्यांना सांगते. उघडलेली खुर्ची कशाच्या जोरावर उघडी राहते, ते आधी शोधा. ते एकदा दिसलं की ती किती टिकेल, कुठे मोडेल आणि तुमच्या कामाची आहे का, हे बहुतेक आपोआप कळतं. ग्लास ठेवायची जाळी आणि कापडाचा रंग नंतर बघता येतो.

पायरी १: दुकानात जाण्याआधी माणूस मोजा

ज्यांच्यासाठी खुर्ची घ्यायची त्यांना साध्या स्टुलावर बसवा. पावलं जमिनीवर सपाट टेकवायला सांगा आणि गुडघ्याच्या लवणीपासून जमिनीपर्यंत टेप लावा. मोठ्या माणसांत हे माप साधारण ३८ ते ४५ सेंमी भरतं. घरातली जेवणाच्या टेबलाची खुर्चीही ४५ सेंमीच्या आसपासच असते. कॅम्पिंगच्या खुर्च्या मात्र बऱ्याचदा २५ ते ३५ सेंमी उंचीच्या असतात. तिशीतल्या माणसाला तो फरक जाणवत नाही. साठीच्या पुढच्या माणसाला उठताना जाणवतो, कारण एवढ्या खाली बसलं की गुडघे कमरेच्या वर जातात, शरीराचा भार पावलांच्या बराच मागे राहतो आणि तो पुढे आणायचं सगळं काम मांड्यांना आणि गुडघ्यांना करावं लागतं.

हे मी आईबरोबर शिकले. कचराळी तलावाजवळ तिला अशाच एका ठेंगण्या, मऊ खुर्चीवर बसवलं. बसली मजेत, आणि तासाभराने उठता येईना. मी आणि माझ्या भावाने दोन्ही काखांत हात घालून तिला उठवलं. ती काही बोलली नाही, पण त्यानंतर सहा महिने फिरायला चल म्हटलं की टाळायची. म्हणून वडीलधाऱ्यांसाठी घेताना दोन गोष्टींत तडजोड करू नका: बसण्याची उंची ४३ सेंमीच्या खाली नको, आणि हात दाबून उठता येईल असे टणक हात हवेत. ताणलेल्या कापडी पट्टीचे हात दिसायला असतात, पण भार दिला की खाली जातात.

मग वजन आणि लांबी. ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत किंवा स्टेशनच्या पुलावर खुर्चीच्या वजनापेक्षा तिची लांबी जास्त छळते. नव्वद सेंमी लांबीची पिशवी खांद्याला लावून डब्यात शिरलात तर आजूबाजूच्यांच्या पाठीत टोचणार. रिक्षाने किंवा स्वतःच्या गाडीने जाणार असाल तर तिचा काही प्रश्न नाही.

लेबलवरच्या भारक्षमतेबद्दलही एक समजून घ्या. हळूच बसलं तर ७० किलोचा माणूस खुर्चीवर ७० किलोच भार टाकतो. पण सीटला टेकल्या टेकल्या एकदम अंग सोडलं तर क्षणभर हाच भार दुप्पट होतो, आणि वरून धपकन बसलं तर त्याहूनही जास्त. म्हणून लेबलवरचा आकडा आपल्या वजनाच्या निदान दीडपट हवा असं मी मानते, आणि घरात मुलं असतील तर त्याहून जास्त.

पायरी २: सांध्याची जात ओळखा

इथे वेळ घालवा. दुकानात वीस प्रकार दिसले तरी जाती पाच-सहाच असतात.

सगळ्यात जुनी जात कात्रीची. दोन चौकटी मधोमध एका खिळीवर फिरतात आणि वर कापड किंवा चामडं ताणलेलं असतं. इजिप्तच्या तुतनखामेनचं थडगं १९२२ मध्ये सापडलं, त्यातही अशी घडीची स्टुलं होती, म्हणजे ही युक्ती तीन हजार वर्षांहून जुनी. सिनेमाच्या सेटवर दिग्दर्शकाची म्हणून जी खुर्ची दिसते ती याच जातीची. हिच्यात आपलं वजन पाय फाकवायला बघतं आणि कापड त्यांना आवरून धरतं. म्हणजे कापड इथे खुर्चीच्या सांगाड्याचाच एक भाग आहे. ते फाटलं की खुर्चीच उरत नाही. कात्रीची खुर्ची घेताना म्हणूनच लाकूड किंवा पाइप नंतर, आधी कापडाची शिवण बघायची.

कात्रीचा सर्वांत मोठा उपयोग मात्र बसून विसावा घेण्यासाठी झालेला नाही. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज या दोन इंजिनिअर मित्रांनी चाकाच्या खुर्चीच्या सीटखाली फुलीच्या आकाराची कात्री बसवली. एव्हरेस्ट खाणीतल्या अपघातामुळे स्वतःच चाकाच्या खुर्चीवर होते, आणि त्या काळच्या खुर्च्या मोटारीत मावत नसत. फुलीमुळे ती दोन्ही बाजूंनी मिटायला लागली. आज कुठल्याही हॉस्पिटलच्या दारात घडीची चाकाची खुर्ची दिसेल, तिच्या सीटखाली वाकून बघा, तीच फुली आहे. एका सांध्याने किती माणसं घराबाहेर पडली असतील याचा विचार करून मला आजही भरून येतं.

दुसरी जात चपट्या घडीची. लग्नाच्या मंडपातली लोखंडी खुर्ची आठवा: मिटली की भिंतीला टेकून उभी. नॅथनिएल अलेक्झांडर यांनी १९११ मध्ये अमेरिकेत याच कुळातल्या एका खुर्चीचं पेटंट घेतलं. चर्च आणि शाळांसाठी केलेल्या त्या खुर्चीच्या पाठीला मागच्या रांगेतल्या माणसासाठी पुस्तक ठेवायची सोय होती. मंडपाच्या खुर्चीत सांधे वेगवेगळ्या जागी असतात आणि प्रत्येक सांधा थोडा थोडा सैल होत जातो. चार वर्षांनी सगळ्यांचा मिळून जो खुळखुळाट होतो तो आपण पंक्तीत बसून ऐकलेला आहे.

यावर मला सर्वांत आवडलेला तोडगा इटलीच्या जानकार्लो पिरेत्ती यांचा. १९६७ मध्ये त्यांनी कास्तेल्ली कंपनीसाठी 'प्लिआ' खुर्ची आखली. पाठीची चौकट, मागच्या पायांची चौकट आणि सीट, तिन्ही एकाच बिंदूपाशी आणून तिथे एकमेकींना लागून तीन धातूच्या चकत्या बसवल्या. तिन्ही भाग त्याच एका आसाभोवती फिरतात. मिटल्यावर सगळी खुर्ची जेमतेम ५ सेंमी जाडीची होते. आमच्या युनिटमध्ये या पद्धतीची एक खुर्ची नमुन्याला आली होती. मी ती टेबलावर आडवी ठेवून चकत्यांमध्ये कागद सरकवून बघितला, कागद शिरला नाही. घडीच्या खुर्चीत ढिलाई येते ती सांध्याच्या फटीतून, आणि इथे फटच ठेवलेली नव्हती. एक बीएचके फ्लॅटमध्ये पाहुण्यांसाठी चार खुर्च्या ठेवायच्या असतील तर चकतीच्या सांध्याची चपटी खुर्चीच घ्या. कपाट आणि भिंतीच्या मधल्या फटीत चारही उभ्या राहतील.

तिसरी जात छत्रीची. ओढली की उघडते, आवळली की काठ्यांची जुडी होते. तलावावर, मैदानात, समुद्रावर आज सर्वांत जास्त हीच दिसते. तिची बहीण शोभावी अशी बाबागाडी ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश इंजिनिअरने १९६५ मध्ये आखली. स्पिटफायर लढाऊ विमानाची मिटणारी चाकं हा त्यांचा मूळ विषय होता. तेच ज्ञान त्यांनी तीन किलोंच्या आत बसणाऱ्या अॅल्युमिनिअमच्या गाडीत ओतलं. छत्री जातीत सांधे खूप असतात, दहा-बाराहून जास्त, आणि स्वस्त खुर्चीत ते प्लॅस्टिकचे असतात. तडा जातो तो बहुतेक सीटच्या मागच्या कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकला. तिथे नख घासून पांढरी रेघ दिसते का बघा. वाकून ताण आलेलं प्लॅस्टिक आधी पांढरं पडतं, मग तुटतं.

आणि बोटं सांभाळा. २००९ मध्ये अमेरिकेत छत्रीसारख्या मिटणाऱ्या सुमारे १० लाख बाबागाड्यांसाठी सांध्यावर बसवायची झाकणं द्यावी लागली, कारण उघडताना बिजागरीत सापडून लहान मुलांच्या बोटांची टोकं तुटली होती. खुर्ची उघडताना किंवा मिटताना मुलाला दोन पावलं लांब उभं करा. यात अपवाद करू नका.

चौथी जात तंबूच्या काठ्यांची, आणि गेल्या काही वर्षांतला खरा बदल इथेच झाला. कोरियातली डीएसी ही तंबूंच्या अॅल्युमिनिअम काठ्या बनवणारी कंपनी. तिच्यातूनच पुढे आलेल्या हेलिनॉक्सने २०१२ च्या सुमारास 'चेअर वन' आणली. पोकळ काठ्यांच्या आतून इलास्टिकची दोरी जाते, त्यामुळे पिशवीतून काढून झटकलं की काठ्या आपापल्या जागी खटाखट बसतात. वर चार कप्प्यांचं कापड चढवायचं. खुर्ची एक किलोच्या आसपास, उचलते १४५ किलो, आणि पिशवी हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत मावेल एवढी. हिला कडी नाही, खिळी नाही. कापड काठ्यांना वाकवतं आणि काठ्या कापडाला ताणतात, दोघांच्या ओढाताणीत ती उभी राहते. आधी पाठीचे दोन कप्पे चढवा, मग बसण्याचे दोन. शेवटचा कप्पा जोर मागतो आणि नवख्यांना वाटतं की काहीतरी चुकलं. चुकलेलं नसतं, तो ताणच तिचा जीव आहे. ट्रेनने जाणाऱ्या तरण्या माणसासाठी हिच्यासारखी दुसरी नाही. पण ती बुटकी असते, आणि आईच्या बाबतीत काय झालं ते वर सांगितलंच.

सरकत्या कड्यांचं प्लॅस्टिकचं स्टूल आणि काठीला जोडलेली तीन पायांची बैठक, या दोन्हींबद्दल थोडक्यात. कड्यांचं स्टूल वर ओढून फिरवलं की कड्यांचे दात एकमेकांत अडकतात. बसण्याआधी दोन्ही हातांनी दाबून बघा, एकही कडी खाली सरकता कामा नये. काठीची बैठक देवळाच्या रांगेत दहा मिनिटं टेकायला उपयोगी. तीन पाय कधी डुगडुगत नाहीत, पण एका बाजूला झुकलं की चारांपेक्षा लवकर कलंडतात. तोल जाणाऱ्या माणसाला ती देऊ नका.

आता आपल्या देशाशी नातं असलेली एक, जी दुकानात सहसा मिळणार नाही तरी समजून घ्यावी. ब्रिटिशांच्या काळात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रुडकीच्या लष्करी अभियंत्यांच्या छावणीवरून एका खुर्चीला 'रुडकी खुर्ची' असं नाव पडलं. चार कातीव पाय, त्यांना जोडणारे आडवे दांडे, आणि कॅनव्हास किंवा चामड्याची सीट. तिच्यात स्क्रू नाही, खिळा नाही, डिंक नाही. दांड्यांची टोकं शंकूसारखी निमुळती आणि पायांतली भोकंही तशीच निमुळती. दांडा भोकात नुसता खोचलेला असतो. माणूस बसला की कापड ओढलं जातं, चारही पाय आत खेचले जातात आणि शंकू भोकात आणखी घट्ट बसतो. म्हणजे भार वाढला की सांधा आवळतो. शिवाय कुठलाच सांधा पक्का जखडलेला नसल्याने एखादा पाय खड्ड्यात गेला तर तेवढाच पाय खाली उतरतो आणि चारही पाय जमिनीला टेकून राहतात. डॅनिश डिझायनर कोरे क्लिंट यांची १९३३ ची 'सफारी' खुर्ची हिच्यावरूनच आलेली आहे. सुताराची ओळख असेल तर एक करून घ्या. सागाची केलीत तर नातवंडं वापरतील.

पायरी ३: पाइप, रिव्हेट, कापड

पाइप बघताना आम्ही गेज विचारायचो: १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिमी जाडी, १६ गेज म्हणजे १.६. ग्राहक जाडीवर भुलतो, पण व्यास जास्त महत्त्वाचा. जाडी तेवढीच ठेवून व्यास १९ मिमीवरून २५ केला तर पाइपचा वाकण्याला विरोध सव्वादोन पटींच्या वर जातो, वजन मात्र तिसऱ्या हिश्शानेच वाढतं. अॅल्युमिनिअम लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं, पण ताठपणाही तेवढाच कमी, म्हणून अॅल्युमिनिअमची खुर्ची जाडजूड पाइपची असेल तरच विश्वास ठेवा. काडीसारखा बारीक अॅल्युमिनिअमचा पाय, तोही सरळ उभा न येता तिरका आलेला, मी घेणार नाही.

रिव्हेटपाशी, म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या ठोकून बसवलेल्या खिळीपाशी, पाइपांच्या मध्ये नायलॉनचा वॉशर आहे का बघा. नसेल तर धातू धातूला घासतो, भोक लांबट होतं आणि वर्षभरात खुळखुळ सुरू. अॅल्युमिनिअमच्या पाइपला साधे लोखंडी रिव्हेट मारलेले असतील तर खाडीच्या खाऱ्या हवेत त्याभोवती पांढरी भुकटी आणि तांबडा ओघळ दिसायला वेळ लागत नाही.

कापडावर '६०० डी' असं लिहिलेलं असतं. ते डेनिअर, म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा म्हणजे धागा जाड. पण कापड मधे फाटत नाही, शिवणीला उसवतं. कोपऱ्यांवर दोन पदर आणि चौकोनात फुली मारलेली शिवण हवी.

पायरी ४: दुकानात दहा मिनिटं

लाजू नका. दुकानदार म्हणेल, "ताई, मजबूत आहे, बिनधास्त घ्या." तुम्ही फरशीवर उघडूनच बघा. जोर न लावता उघडली पाहिजे. चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने तळवा दाबा आणि कुठला पाय उचलतो का बघा. मग पाठ धरून डावी-उजवीकडे पिळा. पुढे-मागे हलणं चालेल, आडवं पिळवटणं चालणार नाही. खुर्च्या मोडतात त्या बहुतेक आडव्या भाराने, बाजूला पडलेली पाण्याची बाटली उचलताना. हळूच बसा, पाच मिनिटं बसून राहा, त्याच बाटलीसाठी वाकल्यासारखं वाका. हात न लावता उठून बघा.

शेवटी, ज्यांच्यासाठी घेताय त्यांच्याच हातांनी मिटवून घ्या. आईला मिटवता न येणारी खुर्ची आईची नाही, ती तुमची आहे. तुम्ही बरोबर नसाल त्या दिवशी ती कोपऱ्यात पडून राहील.

पायरी ५: जमिनीचा हिशोब

दोन सेंमी व्यासाच्या चार पायांचं मिळून क्षेत्रफळ जेमतेम साडेबारा चौरस सेंमी. ७० किलोचा माणूस बसला की प्रत्येक चौरस सेंमीवर साडेपाच किलो. तोच माणूस दोन पावलांवर उभा असेल तर पाव किलोसुद्धा नाही. म्हणून ज्या बांधावरून तुम्ही आरामात चालत आलात त्याच बांधावर खुर्चीचा मागचा पाय बुडतो आणि माणूस मागे कलंडतो. जुन्या रबरी चपलेचे हातभर नाही, तळव्याएवढे चार तुकडे कापा, मधे पायाच्या जाडीची अर्धी खोल खाच करा आणि पायांखाली घाला. टेनिसचे चार बॉल चीर देऊन घातले तरी चालतात. येऊरच्या खडकाळ वाटेवर याच्या उलट, तिथे पायाची रबरी टोपी शाबूत हवी, नाहीतर पाय घसरतो.

पाणथळीवर बसणार असाल तर मातकट किंवा हिरव्या रंगाचं कापड घ्या आणि खुर्ची बांधावर पोचण्याआधी लांबच उघडा. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. तिथे आलेला पक्षी आपल्या खटाखट आवाजाने उठू नये.

पायरी ६: पावसाळा आणि दुरुस्ती

पावडर कोटिंग, म्हणजे भुकटीच्या रंगाचा थर, पाइपच्या बाहेरून असतं, आतून पाइप बऱ्याचदा कोराच. पावसाचं पाणी आत शिरतं आणि पायाच्या रबरी टोप्या ते अडवून ठेवतात. लोखंडी खुर्ची खालून गंजते ती अशी. जूनच्या आधी टोप्या काढा, आत तेलाचे दोन थेंब सोडा, आणि भिजलेली खुर्ची दर वेळी उलटी करून निथळू द्या. कापड ओलं असताना पिशवीत कोंबू नका, बुरशी धाग्याला खात नसली तरी वास जात नाही.

कापड गेलं म्हणून सांगाडा टाकू नका. नौपाड्याच्या घरी बाबांची लाकडी आरामखुर्ची होती, मागे खाचांची पट्टी, वर-खाली दोन दांडे आणि त्यात ओवलेलं पट्ट्यापट्ट्यांचं कापड. दर पाच-सहा वर्षांनी आई नवं कापड घालायची. जुनं कापड न उसवता सपाट पसरून माप घ्या, आणि ताण घेऊन ते लांबलेलं असतं म्हणून नव्यात तीन-चार सेंमी कमी धरा. नेफा दांड्याच्या घेरापेक्षा बोटभर सैल ठेवा, शिवण तिहेरी मारा, धागा नायलॉनचा घ्या. कॅनव्हास आधी एकदा धुऊन आटवून घ्या. दांडा ओवल्यावर तो दोन्ही टोकांना खोबणीत पूर्ण बसला आहे का हे हाताने चाचपून बघा, डोळ्यांनी नव्हे. लहानपणी मी एकदा नुसतंच बघितलं होतं आणि सरळ जमिनीवर आले होते. पहिल्यांदा बसताना एक हात दाराच्या चौकटीवर ठेवा आणि भार हळूहळू सोडा.